फुलांची गरज नसलेली

तीर्थरूप बाबा,

पाया पडते. मागच्या पत्रात लिहिलं होतं की आमच्या कीटकघरातली, हात जोडल्यासारखी बसणारी प्रार्थनाकीटक मादी ऑर्किडच्या फुलांत लपते. ते चूक होतं. ती लपत नाही. साध्या फांदीवर उघडी बसते, आणि पाकळ्यांसारखे पाय पाहून माश्या तिलाच फूल समजतात. पाहिलेलंच लिहावं, हे तुम्ही घरी शिकवलंत. मी साहेबांचं ऐकून लिहिलं.

साहेबांना मात्र फोटोसाठी तिच्याभोवती फुलं हवीत, तीही बाजारातली, औषध मारलेली. त्यांवर बसलेल्या माश्या खाऊन तीनपैकी दोन माद्या मेल्या. मी बोलले, तर म्हणाले, "आता सुतक पाळतेस का? फुलांना हात लावलास तर सरळ घरी जा!" सगळे हसले. मीही हसले, बाबा. त्याचाच राग येतो.

मी वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे? तिला एवढंच सांगा की मी बरी आहे. नोकरी लागल्याचं तिने गावभर सांगितलंय.

आता एकच मादी उरली आहे.

तुमची,
धाकटी

ता.क. नवी फुलं सोमवारी सकाळी येतात. सोमवारीच मी ती कचऱ्यात टाकणार आहे.