नववी ‘ब’चा राजवायू

जवळा बाजार

प्रिय धम्मदीप,

माझ्या निरोप समारंभासाठी लिहिलेलं तुझं भाषण मिळालं. तपासून द्या म्हणालास. तीन ठिकाणी वेलांटी चुकली होती, सुधारली. नववीतही तू वेलांट्याच चुकायचास, रेणुसूत्र कधी नाही. नांदेडच्या दवाखान्यात रक्त तपासणारा मोठा माणूस झालास, तरी वेलांटी काही तुला वश झाली नाही! पण दुसरा परिच्छेद मला सुधारता येईना. तू तो मंचावरून वाचण्याआधी एक खरी गोष्ट तुला कळायला हवी. दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. म्हणून हे पत्र.

संयुजा कुणाच्या डोक्यात शिरेना, म्हणून मी तुम्हाला मैदानात नेलं होतं. संयुजा म्हणजे हात. हायड्रोजनला एक, ऑक्सिजनला दोन, कार्बनला चार लागतात म्हणून दोन पोरं पाठीला पाठ लावून उभी. ज्याला एकच हात, त्यानं दुसरा पाठीमागं ठेवायचा. कुणाचा हात मोकळा राहिला तर सूत्र चुकलं. तुम्ही मीठ केलं, मिथेन केला. फळ्यावर महिनाभर जे जमलं नव्हतं, ते पंधरा मिनिटांत जमलं. मग पाण्याची पाळी आली. भागवतला मी ऑक्सिजन केलं, तुला आणि कोंडीबाला हायड्रोजन.

तू पलीकडून पळत येत होतास. तू पोचायच्या आधीच भागवत माझ्या कानाशी पुटपुटला, “सर, मी न्हाई धरत त्याचा हात. घरी कळलं तर आबा मारतेत.” काहून, हे विचारायची गरज नव्हती. गावात राहणाऱ्याला ते न सांगता कळतं. त्याचे आबा, अमृतराव, आपल्या संस्थेच्या समितीवर होते आणि माझी नोकरी कायम व्हायची होती. एकच वाक्य बोलायचं होतं मला, तेही त्या लेकराला. मी नाही बोललो. तू समोर आलास आणि मी हसत म्हणालो, धम्मदीप, तू निऑन. राजवायू. संयुजा शून्य, त्याला कुणाच्या हाताची गरज नसते. त्या दिवशीच्या पाठात निऑन नव्हताच रे. तू दोन्ही हात मागं घेऊन ताठ उभा राहिलास, इतका खुशीत की मला तुझ्याकडे बघवेना. पाणी दुसऱ्या पोराला घेऊन झालं.

त्या दुसऱ्या परिच्छेदात तू लिहितोस, ‘सरांनी दिलेला तो मान मी आयुष्यभर जपला.’ बाळा, तो मान नव्हता. तो माझा भित्रेपणा होता, आणि तू त्यालाच इतकी वर्षं नमस्कार करत आलास. याची मला फार लाज वाटते.

खोटं कशाला बोलू, एवढ्यावरही मी गप्पच बसलो असतो. बावीस वर्षं बसलोच की. पण भाषणाच्या शेवटी तू लिहिलंयस, तुझी कोमल सहावीत आहे, डबा खायला तिच्याजवळ कुणी बसत नाही, आणि तू तिला समजावतोस, ‘तूही माझ्यासारखी राजवायू आहेस.’ ते वाचलं आणि हे पत्र लिहायला बसलो. धम्मदीप, तिला हे सांगू नकोस. भाषण राहू दे, समारंभालाही नाही आलास तरी चालेल. आधी तिच्या शाळेत जा आणि पोरं तिच्याजवळ का बसत नाहीत, ते तिच्या सरांना विचार. आणि ते हसून तिचं कौतुक करायला लागले, तर तिथून उठू नकोस.

तुझाच अपराधी,
प्रमोद सर