डावखुरी रायफल

३ फेब्रुवारी, मंगळवार

दहा! मधोमध दहा! कोचबाईंनी दुर्बिणीतून पाहिलं आणि म्हणाल्या, "चुकून लागला."

चुकून तर चुकून. लागला ना! तो कागद पर्समध्ये घालून घरी आणला. जेवताना टेबलावर ठेवला. दादा म्हणाला, "हे काय, कुठलं तिकीट?" वहिनी म्हणाली, "अहो, भोक बघा ना! किती सुबक पडलंय." वहिनी म्हणजे वहिनीच. भोकातही कौतुक शोधते.

त्रेचाळिसाव्या वर्षी नेमबाजीचा क्लास. लॅबमधल्या मुलींना अजून खरं वाटत नाही. दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवायच्या — मेण, प्लास्टर, घासकाम, परत मेण — आणि संध्याकाळी तळघरातल्या रेंजवर जाऊन कागदाला भोकं पाडायची. एक म्हणाली, "ताई, यात मिळतं काय?" काय सांगू! चाप ओढायच्या आधीचा तो क्षण — डोक्यात काही म्हणजे काही नसतं. ना लॅब, ना प्लास्टर, ना मी. एवढं रिकामं मला दुसरीकडे कुठे होता येत नाही.

निघताना कोचबाई म्हणाल्या, "क्लबच्या रायफलीवर किती दिवस काढणार? या सगळ्या उजव्या हाताच्या. तुम्ही डावखुऱ्या. उलटे बूट घालून पळताय तुम्ही. आता स्वतःची बघा."

स्वतःची रायफल! माझी!

७ फेब्रुवारी, शनिवार

वहिनीला घेऊन दुकानात गेले. दादाचं म्हणणं, "एअर रायफल काय नि काय, शेवटी रायफलच. घरात कशाला?" वहिनीने त्याला सांगितलं, "रविवारी भिंतीत भोकं पाडता, तो तुमच्या ड्रिलचा आवाज खपवून घेतो ना आम्ही? ही तर फुस्स करते."

दुकानदार चांगला निघाला. एकेक काढून काउंटरवर ठेवत होता. एक लालभडक होती. पाहताक्षणी जीव जडला. उचलली आणि जीव उतरला — दगड नुसता! तो हसला. "रूप बघून घेऊ नका. डोळे मिटा, खांद्याला लावा, गाल टेकवा. मग डोळे उघडा. मागच्या भोकातून नळीच्या टोकाचं कडं आपोआप दिसलं तर ती तुमची. मान हलवावी लागली तर परत द्या."

मिटले, लावली, उघडले. नुसती भिंत. दुसरी — छत. तिसरीचा गालाचा आधार नेमका नको त्या बाजूला, जबड्यात रुतत होता. जन्मभर उजव्या लोकांच्या कात्र्या वापरल्या, त्यांच्या खुर्च्यांवर बसून लिहिलं, कधी तक्रार केली नाही. पण आज रागच आला.

"डावखुरी नाही?"

"मागवावी लागेल. सहा-आठ महिने धरा."

तेवढ्यात वहिनीने एक उचलून पाहिली. दुकानदार म्हणाला, "ताई, झाडू नाही तो." वहिनी म्हणाली, "मला जसं येतं तसंच धरणार ना!" सगळं दुकान हसलं. मीही हसले. पण हात हलवत परत आले.

१० फेब्रुवारी

कोचबाईंनी बातमी दिली. क्लबच्या एक जुन्या नेमबाज आहेत, त्यांना सगळे आजीच म्हणतात. खांदा आखडल्यामुळे खेळ बंद. त्यांची रायफल द्यायची आहे — डावखुरी! मी खुर्चीवरून उठलेच. तर म्हणतात, "थांबा. आणखी एकजण मागे लागलाय. तो शनिवारच्या बॅचचा. तोही डावखुरा."

एवढ्या मोठ्या गावात दुसरा डावखुरा नेमका आत्ताच उगवायचा होता!

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी लवकर पोचावं म्हणून नाश्ताही केला नाही. आजींच्या जिन्यावर पाहते तर माझ्या पुढे एक लांब मानेचा माणूस चढतोय. लक्षात आलंच. मी पाय उचलले. त्याने मागे पाहिलं आणि त्यानेही उचलले! दोघं धापा टाकत एकदमच दाराशी. बेल दोघांनी वाजवली. दोघांनी डाव्या हाताने.

आजींनी दार उघडलं, दोघांकडे पाहिलं. "वा! दोघंही आले. चहा घ्या, मग भांडा."

पेटी उघडली. काही चकचकीत नाही, लालबिल नाही. तपकिरी लाकडाचा दस्ता, आणि जिथे आजींनी इतकी वर्षं गाल टेकवला तिथे पॉलिश उडून लाकूड पांढुरकं पडलेलं. आजींनी नळी रिकामी असल्याचं आधी स्वतः पाहिलं, मग आम्हा दोघांना पाहायला लावलं. भिंतीवर एक काळा ठिपका चिकटवलेला होता. मी डोळे मिटले. लावली. गाल टेकला — जणू उशीवर टेकला. डोळे उघडले.

कडं. कड्याच्या बरोब्बर मध्ये ठिपका.

रायफल हळूच आजींच्या हातात परत दिली. बोलले असते तर रडले असते. लोक रायफलीसाठी रडत नाहीत.

मग त्याने घेतली. त्याची ती मान! उंट पाणी प्यायला वाकतो तसा वाकला. मनात म्हटलं, नाही बसणार, नाही बसणार. तर हा म्हणतो, "अरेच्चा!" आणि लहान मुलासारखा हसतो.

आजी म्हणाल्या, "आता मी एकीला दिली तर दुसरा तोंड पाडणार. रायफल महिनाभर क्लबमध्ये राहील. मंगळवार हिचा, शनिवार तुमचा. गालाची पट्टी खालीवर होते, आपापल्या मापाने लावा. महिन्याने मी ठरवते."

खाली उतरताना उंट म्हणाला, "तुम्ही आधी उतरा." मोठा सभ्य! वर चढताना कुठे गेली होती सभ्यता?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काय रायफल आहे! छर्रा सुटतो तेव्हा हिसका नाही, काही नाही. सुस्कारा सोडल्यासारखी वाटते. कोचबाई मागे उभ्या होत्या. दुर्बीण खाली ठेवून म्हणाल्या, "आता चुकून लागत नाहीयेत."

हे वाक्य लिहून ठेवण्यासाठीच आज वही काढली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज माझा वार नव्हता. तरी गेले. शत्रूचं बळ पाहून यावं.

उंट वाईट नाही मारत. घाई करतो, पण चुकलं की स्वतःशीच "हट्!" म्हणून हसतो. हातभर ओरखडे. मी म्हटलं, "काय हो, बायकोने पकडून ठेवलं होतं का घरी?"

"मांजर. जनावरांचा डॉक्टर आहे मी." मग छर्रा भरत, "बायको नाही."

मी "अच्छा" म्हटलं. अच्छा काय अच्छा!

२४ फेब्रुवारी

आज गंमत झाली. त्याच्या मानेसाठी गालाची पट्टी पार वर असणार, म्हणून किल्ली घेऊनच बसले. रायफल उचलली तर पट्टी माझ्या मापाला. तंतोतंत! कोचबाईंना म्हटलं, "तुम्ही लावलीत?"

"मी कशाला? डॉक्टर जाताना लावून जातात. पेन्सिलीने खूण केलीय बघा."

पाहिलं. पट्टीच्या दांडीवर बारीकशी खूण. शेजारी काही लिहिलेलं नाही. नुसती रेघ.

खूप छान लागले आज. का कोण जाणे.

३ मार्च

निघताना पट्टी त्याच्या मापाने वर केली. एकदा जरा जास्त झाली. पुन्हा उघडली, पुन्हा लावली. कोचबाई म्हणाल्या, "घरी जायचंय की नाही?"

७ मार्च, शनिवार

गेले. (हो, गेले.) आज त्याने माझ्यापेक्षा भारी मारले. अंगाचा तिळपापड झाला आणि टाळ्याही मीच वाजवल्या. दोन्ही एकदम कसं होतं?

मशीनमधला चहा त्याने आणून दिला. पाणीच ते, पण प्यायले. विचारलं, नेमबाजी कशी काय सुचली? म्हणाला, "दिवसभर कोणी ना कोणी माझ्यावर भुंकत असतं. म्हटलं, तासभर गप्प बसू." मग, "तुमच्याकडे कोण भुंकतं?"

"कोणी नाही. माझी गिऱ्हाइकं येतच नाहीत. त्यांच्या हिरड्यांचे साचे येतात."

तो इतका हसला की कोचबाईंनी लाल दिवा लावून गोळीबार थांबवला. "दोघंही बाहेर!" आम्हाला! या वयात! वर्गाबाहेर काढल्यासारखे जिन्यात उभे होतो आणि हसू थांबत नव्हतं.

१२ मार्च

वहिनी भांडी लावताना म्हणाली, "तुझा मंगळवार ना गं? मग शनिवारी काय असतं?"

"निरीक्षण."

"बरं. कर हो निरीक्षण." पुढे ताट पुसत कितीतरी वेळ गालात हसत होती. दादाने पेपरमधून डोकं वर काढून विचारलं, "कसलं निरीक्षण?" "तुम्ही पेपर वाचा," वहिनी म्हणाली.

१५ मार्च, रविवार

निकालाचा दिवस. आजी स्वतः क्लबात आल्या. भिंतीशी खुर्ची टाकून बसल्या. म्हणाल्या, "दोघांनी मारा, मग बोलते."

मी नेमबाजीचा कोट घालत होते, इतक्यात उंट म्हणाला, "मारायची गरज नाही. रायफल त्यांची आहे. मी नुसती मान मोडून घेतो तिच्यावर. मी नवी मागवलीय."

"कधी?" आजींनी विचारलं.

"झाला की महिना. तुमच्याकडून परतलो त्याच आठवड्यात."

आजींनी चष्मा वर केला. "मग महिनाभर इथे काय करत होतात?"

त्याने कोचबाईंकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. म्हणाला, "सराव." आजी म्हणाल्या, "हं." त्या हंमध्ये काय नव्हतं!

मग माझ्याकडे वळल्या. "घे गं. रोज पुसत जा आणि ओल्या जागी ठेवू नकोस. एवढंच." पेटी माझ्या हातात दिली, पण स्वतःचा हात लगेच काढला नाही. मीही घाई केली नाही. इतक्या वर्षांची सोबत ती. मग त्यांनीच पेटीवर दोनदा थोपटलं आणि हात मागे घेतला.

माझी झाली! माझी! दादा खाली रस्त्यावरच भेटला. मला हात लावू न देता पेटी स्वतः वर नेली आणि प्रत्येक पायरीला स्वतःलाच "हळू, हळू" म्हणत होता. घरात कशाला म्हणणारा तो हाच! कपाटाला नवं कुलूपही त्यानेच लावलं. वहिनीने लाकडावरून बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "झाडूपेक्षा बरी आहे."

एवढा आनंद, आणि मध्येच एक विचार. आता त्याला शनिवारी यायचं काही कारण नाही. नवी येईपर्यंत तर नाहीच. मला विचारायला हवं होतं, कधी येणार म्हणून. विचारलं नाही. नुसतं "थँक्यू" म्हटलं. मी पण ना!

१७ मार्च, मंगळवार

आजवरचा सगळ्यात चांगला दिवस, कोचबाईंच्या मते. कागद लॅबमध्ये लावा म्हणाल्या.

पट्टी जिथे ठेवली होती तिथेच होती. कोणी हात लावला नव्हता. कशाला लावेल?

१९ मार्च

वहिनी: "शनिवारी जाणार ना?"

मी: "रायफल मिळाली की. आता काय निरीक्षण?"

वहिनी: "बाई गं, अकलेचा कांदा आहेस नुसता. जा गुपचूप."

२१ मार्च, शनिवार

गेले. तो जिन्यात उभा होता. रिकाम्या हाताने. मी म्हटलं, तुमची येईपर्यंत माझी वापरा. म्हणाला, "रायफलीसाठी नाही आलो." कान लाल. मग म्हणाला, "तुमच्या घरी बोलायचं असेल तर कोणाशी बोलू? दादांशी?"

मी म्हटलं, "माझ्याशीच बोला."

बोलला. मी हो म्हटलं.

वहिनीला अजून सांगितलं नाही. आधी इथे लिहिलं.