गोव्याच्या स्पर्धेची फी

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला पोकरबद्दल विचारायला बसलोय. पोकर म्हणजे पत्त्यांचा खेळ, पैसे लावून खेळतात तो. लगेच चष्मा कपाळावर सरकवू नका, आधी ऐकून तर घ्या. इथे सौदीत असलं काही चालत नाही. जुबैलच्या कॅम्पवर आम्ही चौघं शुक्रवारी जेवणानंतर पिस्त्याच्या टरफलांवर खेळतो, आणि मी इतकी टरफलं जिंकतो की बाकीचे वैतागलेत. त्यांतल्याच एका केरळी फोरमनने माझ्या डोक्यात भरवलं, "साब, इधर छिलका क्यों जमा करता है? गोवा जाओ, असली टूर्नामेंट खेलो." स्पर्धा नेमकी माझ्या वार्षिक रजेत येते. प्रवेश फी महिन्याच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. ती भरावी की नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि तीन आठवडे माझं डोकं चालेनासं झालंय.

अशा प्रश्नात तुमच्याइतका तयार माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला बुद्धिबळाच्या स्पर्धांना न्यायचात तेव्हा तुम्ही पोस्टातल्या नोकरीच्या सवयीने माहितीपत्रक पार तळाच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचायचात, बक्षिसांची यादी मात्र सोडून द्यायचात. मग संयोजकांना विचारायचात, "हरला तर घरी पाठवता, की सगळ्या फेऱ्या खेळू देता?" बाद पद्धत असली की हाताला धरून मला परत आणायचात. संगमनेरला मी पहिले तीन डाव ओळीने हरलो होतो. अजून दिसतंय मला. तुम्ही मंगल कार्यालयाच्या पायरीवर डबा उघडून बसला आहात, मी रडत म्हणतोय की घरी जाऊ, आणि तुम्ही भडकता. "फी बक्षिसाची नव्हती भरली. सात जणांसमोर बसायची भरली होती. अजून चार राहिलेत. नाक पूस आणि आत जा." मी गेलो. त्या चारांत अडीच गुण मिळवले. परतताना स्टँडवर तुम्ही मला उसाचा रस पाजलात आणि खेळाबद्दल अवाक्षर काढलं नाहीत.

तर तुमच्याच पद्धतीने मी गोव्याचं पत्रक वाचलं. फीतला थोडा भाग आयोजकांच्या खिशात जातो, बाकीचा बक्षिसात. सुरुवातीला चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, भरपूर देतात. या खेळात पानं बघायच्या आधीच आळीपाळीने टेबलावर काही चिप्स टाकाव्या लागतात आणि ती रक्कम ठरावीक वेळाने वाढत जाते. स्वस्त स्पर्धांत ती इतक्या भराभर वाढते की विचार करायला सवडच मिळत नाही, सगळं नशिबावर जातं. इथे ती तासातासाने वाढते, म्हणजे बसायला मिळतं. पण एका डावात सगळ्या चिप्स गेल्या की उठायचं. मग ही बाद पद्धतच झाली ना? की एवढा वेळ देतात म्हणून तुम्ही चालवून घेतलं असतं? मी एक्सेलमध्ये सगळं मांडलं. दोनदा उत्तर आलं भर, एकदा आलं भरू नकोस. जिंकायची शक्यता मीच मनाने धरायची, आणि माझा अनुभव काय, तर टरफलांचा. प्रवास आणि रजेचे दिवस खर्चात धरायचे की नाही, हेही ठरेना.

असा हिशेब मी याआधी एकदाच मांडला होता, आणि खरं म्हणजे तोच मला छळतोय. इथल्या सरकारने आम्हा परदेशी लोकांच्या बायकामुलांवर दरडोई फी बसवली, दर वर्षी वाढणारी. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नवा करताना ती वर्षाची सगळी एकदम भरायची. सौदीकरण, म्हणजे परदेशी माणसं काढून इथल्यांना नोकऱ्या देणं, जोरात होतं, कोणाची खुर्ची किती महिने टिकेल याचा भरवसा नव्हता, आमच्या गल्लीतून एकेक कुटुंब निघून जात होतं. मी एक्सेल उघडलं. ही म्हणाली, "अहो, लेकीची दहावी होईपर्यंत तरी राहू द्या आम्हाला. खोबरला खरेदीला जाणं बंद करू, एसी कमी लावू." मी तिला तळाची बेरीज दाखवली. ती गप्प झाली, आणि पटलं म्हणूनच गप्प झाली असं मी धरून चाललो. दोघींना नाशिकला पाठवून तीन वर्षं झाली. माझी नोकरी अजून आहे. त्या फीत मिळत काय होतं, हा रकाना मी केलाच नव्हता. रोज संध्याकाळी तिघं एकत्र जेवत होतो, एवढंच. तुमच्या मापाने ती फी डोळे मिटून भरायची होती, हो ना? की एकटा राहून मी आता काहीही बरळतोय? मला खरंच कळत नाही बाबा.

माझ्या हाताखाली एक सौदी इंजिनियर बाई आहे, हुशार. माझी जागा तीच घेणार हे आम्हा दोघांना माहीत आहे आणि आम्ही तो विषय काढत नाही. मागच्या आठवड्यात तिने सहज विचारलं, "युवर फॅमिली, इंजिनियर?" मी म्हटलं, इंडियात, फी परवडेना म्हणून पाठवलं. ती ओशाळली. म्हणाली, "बट यू आर स्टिल हिअर." मला राग आला, तिचा की माझा ते सांगता येत नाही. दुपारभर मी तिच्या अहवालात चुका शोधत बसलो. एकही सापडली नाही.

हे पत्र कुठेच जायचं नाही, तेव्हा तुमच्यापासून काय लपवायचं. गोव्याची फी मी चार दिवसांपूर्वीच भरली. परत मिळत नाही ती. रजा तीस दिवसांची मंजूर झालीय आणि स्पर्धेत जाऊन-येऊन सहा दिवस जाणार. काल लेकीचा फोन आला, "बाबा, हाउ मेनी डेज धिस टाइम?" मी म्हटलं, चोवीस. "ओन्ली?" मी म्हटलं, कंपनीने रजा कापली गं, सौदीकरण चाललंय ना. मागून हिचा आवाज आला, "असू दे. चोवीस तर चोवीस. त्यांच्या हातात थोडंच आहे?"

मी म्हटलं, "हो ना."