बुधवारी पेटलेला सौना

होक्वियम,
फेब्रुवारीअखेर, १९८९

प्रिय एल्वीताईस,

धाकट्या आयलीचा वाकून नमस्कार (वाकून म्हणजे खरंच वाकून, सध्या कंबर धरलीय, सरळ होताच येत नाही). तुझा गुडघा, टोइवोभाऊजींचं पोट आणि तुमच्या चर्चचं गळकं छप्पर, तिन्ही आता बरी असतील अशी आशा आहे. आमच्याकडे पाऊस आहे. नसता तर तार केली असती. भाऊजींनी ऑस्मोसाठी अलास्काच्या बोटीवर जागा धरून ठेवलीय हे वाचून रेइनोच्या डोळ्यांत पाणी आलं (निदान मला तसं वाटलं, तो कांदा चिरत होता). लाकूडगिरणी बंद पडल्यापासून इथल्या तरण्या पोरांना दोनच वाटा उरल्यात, बोट नाहीतर दारूच्या गुत्त्यातलं बाकडं. माझा पोरगा बाकड्यावर बसलेला मला बघायचा नाही, आणि त्याच्या बापाला, रेइनोला, तर मुळीच नाही. तू 'होय की नाही' एवढंच विचारलंयस. सांगते. पण आधी इकडं काय घडलं ते ऐकून घे, आणि तुझा तो शेजारी अकॉर्डियन वाजवतो म्हणून तू पोलीस बोलावलेस हे जरा वेळ विसरून ऐक.

ऑस्मोनं बँड काढलाय हे तुला आईच्या स्मृतिदिनाला आलीस तेव्हा सांगितलंच होतं. नाव 'वेट डॉग', म्हणजे भिजलेलं कुत्रं. (असलं नाव का रे, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "वास तसाच येतो ना.") तिघंच जण आहेत. ड्वेन बास गिटार वाजवतो. तो इतका उंच की आमच्या सौनाच्या चौकटीला त्याच्या कपाळाची खूण पडलीय आणि त्याच्या कपाळाला चौकटीची. रोन्डा ड्रम बडवते. ती दिवसभर कारखान्यात खेकडे फोडते, त्यामुळे संध्याकाळी तिला हात गरम करावे लागत नाहीत. आणि गिटार वाजवून गातो तो आपला ऑस्मो. हो, तोच, जो जेवताना मीठ हवं असलं तरी कुणाकडं मागत नाही, नुसता मिठाकडं बघत बसतो. तिघांच्याही अंगावर रेइनोचे गिरणीतले चौकड्यांचे शर्ट असतात, कोपरांना भोकं पडलेले. सिअ‍ॅटलमध्ये म्हणे आता तीच फॅशन आहे. आमच्याकडे त्याला थंडी वाजणं म्हणतात.

सुरुवातीला ही मंडळी चर्चच्या तळघरात वाजवायची. दुसऱ्याच दिवशी फळीवरचे कॉफीचे कप एकेक करून चालत कडेला आले आणि खाली पडले, तेव्हा पास्टर फार गोड शब्दांत म्हणाले की देव सगळीकडे असतो, तुम्ही दुसरीकडे वाजवा. मग आमचं गॅरेज. तिथं छतातून पाणी गळतं, ड्वेनला विजेचा असा झटका बसला की त्याच्या हातून एक चाल निघाली (ती त्यांनी ठेवली). शेवटी परसातला सौना. तुझ्याकडच्यासारखाच आहे, बाहेर कपडे काढायची खोली, आत वाफेसाठी दगडांची शेगडी आणि बाकं. पण रेइनोनं एकच अट घातली, की शनिवारी सौना पेटणार म्हणजे पेटणार. "माझ्या बापानं पेटवला, मी पेटवणार. वाजवायचं तर बाहेरच्या खोलीत वाजवा, मला काय, मला ऐकूच येत नाही." हे मात्र खरं. करवतीशेजारी जन्म काढून त्याच्या कानांचा भुस्सा झालाय. बारीक आवाज सगळे गेले. फोन गेला, पाखरं गेली, मी गेले. फक्त जाड आवाज पोचतात, लाकडाचा ट्रक, ढग, असं काहीतरी.

तर तो शनिवार. पोरांनी अंगणातल्या थंडीत गिटारच्या तारा जुळवल्या (ड्वेन आत उभा राहिला की तारा जुळवायला जागाच उरत नाही), आणि आत जाऊन वाजवायला लागली. मी सरपणाच्या ढिगापाशी उभी होते, हातात वेलदोड्याच्या पावाचं ताट. ताई, काय सांगू तुला! आवाज कानात आलाच नाही. जमिनीतून आला, बुटांतून वर चढला आणि छातीत येऊन बसला. जड, मंद, चिखलात रुतलेल्या ट्रकसारखा. मग एकदम सगळं थांबलं, इतकं की छपरावरचा पाऊस ऐकू आला, आणि त्या पावसात ऑस्मो हळूच काहीतरी पुटपुटला. आणि मग असा ओरडला! माझा मीठ न मागणारा पोरगा! मला वाटलं, वीस वर्षं याच्या आत हे होतं कुठं? मी भीतीनं रडत होते की आनंदानं, मला आजही सांगता येणार नाही. दार उघडून बघते तर आतल्या खोलीत रेइनो उघडाबंब, बर्चच्या डहाळ्यांच्या जुडीनं मांडीवर ताल धरून बसलेला. मला बघून म्हणाला, "अगं, ऐकू येतंय!"

रोन्डानं त्या शनिवारची कॅसेट करून सिअ‍ॅटलच्या लोवेल नावाच्या माणसाला पाठवली. तो छोट्या छोट्या बँडच्या रेकॉर्डी काढतो. त्यानं लगेच बोलावलं. पोरं गेली, त्याच्या छान गरम केलेल्या खोलीत बसून तारा जुळवल्या, वाजवलं, आणि लोवेल म्हणे डोकं खाजवायला लागला. "कॅसेटवर जे होतं ते कुठंय? हे चांगलंय, पण हे ते नाही." रात्रभर खपून तिघांनी अ‍ॅम्प बदलले, ड्रम बदलले, ड्वेननं बूट काढून बघितले. ते काही आलं नाही. ऑस्मो घरी आला, टोपी काढली आणि म्हणाला, "मी बोटीवर जातो." रेइनो म्हणाला, "बरं." त्याला हेच हवं होतं, एल्वीताई. आणि मीही मनात म्हटलं, चला, सुटलो. खोटं कशाला बोलू?

पुढच्या बुधवारी तिघं शेवटचं वाजवायला जमली. ड्रम विकायचं रोन्डानं ठरवलंच होतं. मी ओट्यापाशी बटाटे सोलत होते, तोच रेइनो परसातून आला, गुरकावलाच. "आज काय वाजवतायत? ऐकू येत नाही."

मी म्हटलं, "तेच वाजवतायत."

"तेच नाही. शनिवारचं जाड होतं. हे डासासारखं आहे."

असं म्हणून उभा राहिला, खिडकीतून सौनाच्या धुराड्याकडं बघत. धूर नव्हता. मग कुऱ्हाड घेऊन गेला आणि लाकडं फोडायला लागला. बुधवारी! आमच्या घरात बुधवारी सौना पेटल्याचं मला आठवत नाही. बाळंतपणातसुद्धा मला शनिवारची वाट बघायला लावली होती. ऑस्मो दारात येऊन म्हणाला, "बाबा, आज बुधवार आहे." रेइनो म्हणाला, "मला वार शिकवू नकोस. बाहेर तारा जुळवा आणि आत येऊन बसा." शेगडी तापली, भिंती तापल्या, तारा तापून सैल पडल्या, आणि सगळ्या एकदमच सैल पडत असल्यामुळे त्या तीन शहाण्यांना आजवर पत्ता नव्हता की आपला सूर पार तळाला जातोय! तोच जाड आवाज पुन्हा जमिनीतून वर आला, आणि बटाटा माझ्या हातातून उडाला. रोन्डा धावत घरात आली आणि ओल्या हातांनी लोवेलला फोन लावला.

तो शनिवारी आला. कातडी जाकीट, टोकदार बूट, गाडीत रेकॉर्डिंगचं यंत्र. ते मांडलं माझ्या स्वयंपाकघरात, आणि वायरी पावाच्या पिशव्यांत गुंडाळून परसातून नेल्या. पण आपल्याकडं शनिवारी पाहुणा आला तर आधी काय, हे तुला सांगायला नको. रेइनोनं त्याला कपडे उतरवायला लावले, आत नेऊन वरच्या बाकावर बसवलं आणि हातात जुडी दिली. तो बिचारा म्हणत होता, मी यंत्रापाशी बसतो. यंत्रापाशी मी बसले. काटा लाल रेघेपलीकडं गेला तर ओरडायचं, एवढंच काम होतं. काटा लाल रेघेपलीकडून हललाच नाही, मी तरी किती ओरडणार!

आत काय झालं ते लोवेलनंच नंतर सांगितलं, उकडलेल्या खेकड्याच्या रंगाचा होऊन, माझ्या टॉवेलात, कॉफी पिता पिता. ते गाणं वाजत होतं, पावसात पुटपुटायचं. रेइनोला सूर पोचतो, शब्द पोचत नाहीत. त्यानं लोवेलला कोपरानं ढोसलं, "काय म्हणतोय रे तो?" लोवेलनं त्याच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडून सांगितलं, "म्हणतोय, गिरणी बंद झाली, तरी माझ्या बापाचा कोट अजून खुंटीवर ओलाच आहे!" रेइनोनं तांब्याभर पाणी शेगडीच्या दगडांवर ओतलं. लोवेल म्हणतो, वाफ इतकी झाली की मला त्यांचा चेहरा दिसला नाही. रेकॉर्डवर तो चर्र आवाज आलाय. काढायचा नाही, असं ठरलंय.

संध्याकाळी रेइनोनं खुंटीवरचा कोट काढला, झटकला आणि ऑस्मोच्या अंगावर टाकला. "वाळलाय," म्हणाला. बास. ऑस्मो तेव्हापासून तो घालूनच हिंडतोय, बाह्या बोटांच्या खाली येतात. मी त्या दोघांकडं बघितलं आणि मग भांडी घासायला घेतली.

भाऊजींना नमस्कार, मांजराला आशीर्वाद.

तुझी धाकटी,
आयली

ता. क. बोटीचं राहिलंच. नाही. भाऊजींना सांग, ती जागा दुसऱ्या कुणा गरजू पोराला द्या. हा शब्द रेइनोचा आहे, माझा नाही. मी 'बघू' असं लिहिणार होते.

ता. क. २. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी त्यांचा कार्यक्रम तुमच्या अस्टोरियात आहे. म्हणजे तुझ्याकडेच आहे. सिअ‍ॅटलहून लोकही येतील. कुठल्याच हॉलमध्ये सौना नाही, आणि गावात तुझ्याइतका मोठा कुणाकडं आहे? दुपारपासून पेटव. सरपण आल्डरचं घाल. ड्वेनला झोपायला लांब काहीतरी लागेल, आणि रेइनोला तुझं वरचं बाक.

ता. क. ३. नाही म्हणायला फोन करू नकोस. रेइनोला फोन ऐकू येत नाही हे तुला माहीतच आहे, आणि त्या शनिवारपासून आता मलाही नाही.