एकशे चार घरांचं कोल्हापूर

३ मार्च

विषय बदलणार नाही. झालं! लिहून ठेवते, म्हणजे उद्या पाघळायला नको.

हूगार मॅडम आज चांगला अर्धा तास समजावत होत्या. एम.ए.च्या माझ्या प्रबंधाच्या त्या गाइड, कन्नड घरातल्या. मनाने वाईट नाहीत, डबा उघडला की आधी भाकरी माझ्यापुढे करतात. म्हणाल्या, हुबळी-धारवाडच्या बससेवेवर कर, आकडे तयार आहेत, दोन आठवड्यांत उरकेल. सीमेवरची गावं कशाला? उद्या कुणीतरी काहीतरी म्हणेल आणि निस्तरायचं मला. मी म्हटलं, मॅडम, शहरी आणि प्रादेशिक अर्थशास्त्र तुम्हीच शिकवता. दोन शहरांच्या मधलं गाव खरेदीला, दवाखान्याला, कॉलेजला कुणाकडे ओढलं जातं — मोठं शहर जास्त ओढतं, लांबचं कमी ओढतं — हे फळ्यावर तुम्हीच काढून दाखवलंत. इकडे बेळगाव, तिकडे कोल्हापूर, मधे आम्ही. मी हुबळीला कशाला जाऊ?

सही केली त्यांनी. वर म्हणाल्या, फार हट्टी आहेस. आहेच!

६ मार्च

वाटणी ठरली. आमच्या येळ्ळूरची एकशेवीस घरं मी करणार, निपाणीकडची साठ प्रिया. प्रिया माझ्या वर्गातली, निपाणीच्या जैन व्यापाऱ्यांच्या घरातली. घरात अर्धं बोलणं कन्नड, अर्धं मराठी, आणि भांडण दोन्ही भाषांत. ती म्हणते, निपाणीचं उत्तर आत्ताच लिहून टाक. कोल्हापूर जवळ आहे म्हणून आम्ही कोल्हापूरला जातो, यात प्रबंध कसला?

येळ्ळूरचं मात्र वेगळं. बेळगाव आम्हाला खेटून, कोल्हापूर शंभरावर किलोमीटर लांब. सूत्र म्हणतं, आमचं गाव सगळंच्या सगळं बेळगावकडे ओढलं जाणार. बघू तर.

१६ मार्च

चाळीस फॉर्म झाले! आप्पा बरोबर आले म्हणून. आप्पा म्हणजे माझे वडील, सीमालढ्यातले जुने गडी. मारुतीराव म्हटलं की गावात कुणीही कट्ट्यावर जागा करून देतं. प्रत्येक ठिकाणी स्वतःच सुरुवात करून देत होते — "आमची दिपाली युनिव्हर्सिटीत आपलं मांडणार हाय. सांगा तिला." मग माणसं सरसावून बसायची. माझं वाचून व्हायच्या आत उत्तर हजर.

कपडे कुठे? कोल्हापूर. मोठा दवाखाना? कोल्हापूर. लग्नाचा बस्ता कुठे बांधला? कोल्हापूर, आणखी कुठं?

इतकं सोपं काम असेल असं वाटलं नव्हतं.

२३ मार्च

एकशेवीसपैकी एकशे चार घरांचं उत्तर कोल्हापूर!!

सूत्र तोंडावर आपटलं. अंतर, लोकसंख्या, रस्ता — कशाचंच काही चाललं नाही. माणूस भाषेमागे जातो, हे मी आकड्यांनी दाखवलंय. मी, येळ्ळूरच्या दिपालीने. आप्पांना तक्ता दाखवला. चष्मा लावून दोनदा वाचला, शर्ट चढवला आणि थेट झेरॉक्स काढायला गेले. इतकं खूश मी त्यांना माझ्या दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

२५ मार्च

मॅडमनी तक्ता पाहिला आणि एकच विचारलं. एका लग्नाच्या कपड्यांसाठी दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसं खरंच शंभर किलोमीटर जातात?

माझं डोकं फिरलं. तुम्हाला ते पटणारच नाही, मी म्हणाले. का ते सांगायला नको, असंही म्हणाले. त्यांनी पेन बंद केलं. मी उठून आले. बोलले ते बोलले. आकडे माझ्या बाजूला आहेत.

६ एप्रिल

काय लिहू? आज राजाबाई काकूंच्या मंजूचा बस्ता. काकू आमच्या शेजारच्या. रंग बघायला तू पाहिजेस म्हणून मला ओढून नेलं. दोन टेंपो. नवरदेवाकडची माणसं, आमच्याकडची माणसं, मामी, आत्या, मानपानाच्या साड्यांची यादी. टेंपो कोल्हापूरच्या हायवेला लागतील म्हणून मी खिडकीची जागा धरली होती. लागलेच नाहीत. वीस मिनिटांत बेळगावच्या बाजारातली गणपत गल्ली!

काकूंच्या घरचा फॉर्म मी भरलाय. छत्तीस नंबर. काकांनी सांगितलं होतं — बस्ता, कोल्हापूर. मी काकूंना हळूच विचारलं, आपण कोल्हापूरला का नाही गेलो? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मला ताप आलाय. थोरलीचा बस्तापण ह्याच गादीवर बांधला, म्हणाल्या. दुकानदार नावानिशी ओळखत होता त्यांना.

समोरच्या गादीवर आणखी एक बस्ता चालला होता. तोंडावळा ओळखीचा. गावचेच. फॉर्म नंबर एकाहत्तर. त्या घरच्या आजोबांनी मला पाहिलं आणि लगेच छताच्या पंख्याकडे बघायला लागले.

रंग कुठले निवडले ते मला आठवत नाही.

७ एप्रिल

सकाळी आईला सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. म्हटलं, लोक खोटं का बोलले गं माझ्याशी?

"खोटं कोण बोललं? तू इचारलंस कुनाला? कट्ट्यावर बसल्यांना. वर आप्पा संगं. त्यांनी मत दिलं, उत्तर न्हाय दिलं. चा करून आमीच देत हुतो की आतनं. आमाला इचारलंस?"

नाही विचारलं. एकशेवीस घरांत एकशेवीस वेळा चहा प्यायले आणि कप देणारीला एकदाही विचारलं नाही. घरातला बाजार कोण करतं हे मला माहीत नाही का? आमच्या गावात कुणी कागद-पेन घेऊन आलं आणि गावाचं नाव विचारलं, की माणसाला फक्त एकच प्रश्न ऐकू येतो — तू कुणीकडचा, महाराष्ट्राचा की कर्नाटकचा? साठ-सत्तर वर्षं तोच विचारला गेलाय. हे मलाच कळायला हवं होतं. मॅडमना नाही, मला!

८ एप्रिल

फॉर्म फाडावेसे वाटले. फाडले नाहीत.

१० एप्रिल

मॅडमची माफी मागितली. सरळ, दारातच. त्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, आता हे गाव सोडून दे, निपाणीचे साठ फॉर्म पुरेत, वेळेत सबमिट होईल.

नाही म्हणाले. पुन्हा करणार. सगळी घरं, पहिल्यापासून. या वेळी ‘कुठे जाता’ हा प्रश्नच नाही. शेवटचा बस्ता कधी, कोण कोण गेलं, कुठली बस, जेवायला घरी होता की बाहेर. आणि उत्तर बाईचं.

आप्पा बरोबर नकोत.

११ एप्रिल

आप्पांना सांगितलं. त्यांनी चार मेला देवळासमोर बैठक ठरवलीय. तक्ता वाचून दाखवणार आहेत, पत्रकं वाटून झालीत. म्हणाले, आकडा लोकांनी दिलाय, तू कोण खोटा म्हणणार? मी म्हटलं, गणपत गल्लीत डोळ्यांनी बघितलं आप्पा.

"तुझ्या नव्या आकड्यावर उद्या ती कर्नाटकवाली मानसं नाचतील. म्हनतील, बघा, येळ्ळूरकराचं पोटच हिकडं हाय, तिकडं काय ठेवलंय. पाठीवर काठ्या मी खाल्ल्यात, दिपाली. तू न्हाय."

मी म्हटलं, काठ्या खाल्ल्या म्हणून बस्ता कोल्हापूरचा होत नाही.

हे बोलायला नको होतं. पण खरं होतं. आप्पा ताटावरून उठले. तेव्हापासून बोलणं बंद.

१५ एप्रिल

माझ्याशी बोलत नाहीत. आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेली असताना! ‘तिला सांग, दार लावून घे.’ मीपण आईमार्फतच सांगितलं, त्यांना सांग लावलंय.

आई म्हणाली, मला पोस्टमन केलाय दोघांनी.

१९ एप्रिल

दोन घरांनी दारातूनच परत पाठवलं. एका काकांनी विचारलं, तू कुणाच्या बाजूनं हाईस? मी म्हटलं, तुमच्या सूनबाईच्या. आतून हसू ऐकू आलं. दार उघडलं.

बायका काय बोलतात! पुरुषांचा फॉर्म पाच मिनिटांचा, बायकांचा पाऊण तासाचा. राजाबाई काकू म्हणाल्या, कर्नाटकच्या लाल बसमदी आधार कार्ड दाखवलं की आम्हा बायकांना तिकीट न्हाय, मग बेळगावला काय, धारवाडला काय, सौंदत्तीला काय. कोल्हापूरला जायचं तर हद्दीच्या पुढचं तिकीट काढा. फळ्यावरच्या सूत्रात अंतर एकच असतं. इथे तर नवऱ्याचं बेळगाव वेगळं आणि बायकोचं बेळगाव वेगळं निघालं! एकाच दारातून दोघं निघाली तरी त्याला भाडं, तिला फुकट. हे कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही. खूप आनंद झाला आणि सांगायला घरात कुणी बोलत नाही.

२३ एप्रिल

झाले. एकशेअठरा. बस्ता बेळगावला — शहाण्णव. कोल्हापूरला — अकरा. बाकी इकडेतिकडे.

आणखी एक निघालं, न विचारता. बायका माहेर सांगत गेल्या आणि मी समासात लिहीत गेले. चंदगड, गडहिंग्लज, आजरा. अर्ध्याहून जास्त सुना हद्दीपलीकडच्या. खरेदी इकडे, सोयरीक तिकडे. तो एक वेगळा तक्ता केला.

२५ एप्रिल

मॅडम पहिला तक्ता बघून खुलल्या. निष्कर्षही तयार करून दिला — प्रदेश आर्थिकदृष्ट्या पूर्ण एकरूप झालेला आहे, सीमेचा प्रश्न आता उरलेला नाही. सुनांचा तक्ता मात्र काढ म्हणाल्या, ते समाजशास्त्र आहे.

मी म्हटलं, मॅडम, बाजाराला जाणं एवढंच माणसाचं जाणं असतं का? माहेरी जाणं हे जाणं नाही? बसमध्ये तर तीसुद्धा बसते. वडिलांना हवा तो आकडा मी ठेवला नाही. तुम्हाला हवा तो निष्कर्ष कसा ठेवू? दोन्ही तक्ते राहतील, नाहीतर प्रबंध राहणार नाही.

मॅडमनी दोन्ही कागद पुन्हा चाळले. मग कन्नडमध्ये स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. मला कन्नड येतं. शिवी नव्हती.

दोन्ही तक्ते राहिले.

२९ एप्रिल

दोन्ही नवे तक्ते आप्पांच्या पेपराच्या घडीत ठेवले. त्यांनी पेपर वाचला. तक्ते होते तिथेच. बैठकीच्या खुर्च्या सांगून झाल्यात.

वाईट वाटतं. त्यांचा गर्व माझ्यामुळेच फुगला होता. पण वाईट वाटणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं.

३ मे

ठरलं. त्यांनी जुना तक्ता वाचला तर मी उठून उभी राहीन आणि सगळ्यांसमोर सांगेन की हा खोटा आहे. माझ्या बापाला. माझ्याच गावात. तरी उभी राहीन.

४ मे

आप्पांनी नवे तक्ते वाचले. दोन्ही. सुनांसकट. मागून कुणीतरी ओरडलं, मारुतीराव, हे काय वाचताय? आप्पांनी चष्मा काढला. "बेळगाव आपलं, बेळगाव आपलं म्हनून मी जन्म काढला. आनि माज्या पोरीनं इचारलं, कुठं जाता, तर एकशे चार जनांनी आनि पयला मी — कोल्हापूर सांगितलं. बेळगाव सोडलं कुनी मग? बायकांनी न्हाय. आमी सोडलं, कागदावर, माज्या देखत."

निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मी भांडायच्या तयारीने गेले होते. आप्पा एकटेच सगळ्या गावाशी भांडत होते. मी उठले, आणि जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.