नऊ लिटर कुठे गेलं?

जळगाव
३ मार्च २०२५

चि. संघमित्रा हीस आजीचा जयभीम व अ. उ. आ.

पत्र पोचलं. त्यात गाडीची तब्येत दीड पान आणि स्वतःची एक ओळही नाही. आठवा महिना गाडीला लागलाय की तुला, तेवढं आठवून कळव.

तू लिहितेस, टाकी काठोकाठ भरली, आकडा टिपला, तीनशे चोवीस किलोमीटर फिरून पुन्हा भरली तर सत्तावीस लिटर बसलं. म्हणजे लिटरला बारा. पूर्वी अठरा पडायचे. जावईबापू आकाशराव म्हणतात, एसीमुळे. मला अक्षर येत नाही, पण अठराच्या हिशेबाने अठराच लिटर लागायला हवं होतं, एवढं कळतं. नऊ लिटर कुठे गेलं?

आमच्या पितळी स्टोव्हचं आठवड्याचं रॉकेलही असंच पाच दिवसांत संपू लागलं. सगळे माझ्या नणंदेला, पार्वताला, म्हणायचे, तू चहा फार करतेस. टाकी झिरपत होती, हे ती भाजली तेव्हा कळलं. इथे तुझ्या आईचं पेन थांबलंय. मी म्हटलं, लिही.

रविवारी त्याच गाडीने तू बाळंतपणाला येणार. मला घास जात नाही. फोनवर जावईबापू हसले, म्हणून कागद तुझ्या बाबांच्या हाती पाठवतेय. कागदाला हसून दाखवा म्हणावं.

तुझ्या आईच्या, सविताच्या हातून,
तुझी आजी (अंगठा)


देवपूर, धुळे
४ मार्च

ती. आजीस सविनय जयभीम.

बाबा काल आले ते बूटही न काढता गाडीशी गेले. त्यांनी आणि आकाशने ती ढकलत मोकळ्या जागेत नेली, खाली पुठ्ठा घातला. आज सकाळी पुठ्ठ्यावर ताटलीएवढा डाग, पेट्रोलचा. चुडामण मिस्तरी वाकून बघताच आधी मला लांब व्हा म्हणाला. रबरी नळी तडकली होती.

आजी, शेडमध्ये गाडीपासून तीन हातांवर आमचा पाण्याचा बंब. आकाश रोज सकाळी तो माझ्यासाठीच पेटवायचा. दुपारी त्याने तो स्वतः उचलून अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवला, आणि आजींना आता तोंड कसं दाखवू म्हणतो.

आणि मला महिनाभर वास येत होता गं. सगळे म्हणायचे, पोटुशीला असंच होतं, कशाचाही वास येतो. मीही मानलं.

नळी नवी बसवली. मिस्तरी म्हणतो, आता भीती नाही. मला वाटतेच आहे. येऊ की नको, तूच सांग.

तुझी
संघमित्रा


जळगाव
५ मार्च

चि. संघमित्रा हीस जयभीम व अ. उ. आ.

पोटुशीला असंच होतं, हे बठ्ठ्यांच्या, सगळ्यांच्या आधी मीच म्हणाले होते, फोनवर, हसून. तू विसरलीस, की माझी लाज राखलीस? पार्वताला चहावरून टोकणारीही मीच होते. तुझ्या आईला म्हटलं, हेही लिही.

जावईबापूंना सांग, मी रागावलेली नाही. आपण दोघं मिळून घाबरू, म्हणजे थोडं थोडं वाट्याला येईल.

या दिवसांत एसटीचे धक्के नकोत, तेव्हा गाडीच. पण वास आल्यासारखं नुसतं वाटलं तरी पारोळा असो की एरंडोल, थांबव आणि उतर. कोणी असंच होतं म्हणालं तर माझं नाव सांग. माया करायला मी आहेच, तू धडधाकट इकडे ये.

तुझी आजी (अंगठा)

ता. क. रविवारच्या आधी, शनिवारी जावईबापूंनी मिस्तरीला घेऊन गाडी इथवर आणून दाखवावी. मागच्या सीटवर, तू बसणार तिथे, कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, चार भाकरी ठेव. डब्यात नको, नुसत्या फडक्यात. भाकरी वास लगेच धरते. मी खाऊन सांगेन, तू बसायचं की नाही ते. ठेचा मात्र पाठवू नकोस, त्याच्यापुढे दुसरं काही कळायचं नाही.