कोरड्या हौदातली लाट

५ मे
आज लोह्याला रुजू झाले. गावाबाहेर पत्र्याचं मोठं शेड आहे, त्याला लागून आम्हाला एक खोली. मी आणि समीक्षा, दोघींना पुरे. शाळेला सुट्ट्या, त्यामुळे नऊ वर्षांच्या पोरीला एकटं ठेवायची काळजीही मिटली. शेडमध्ये पोहण्याच्या तलावाएवढा हौद आहे. त्यात टँकरने आणलेलं खरं समुद्राचं पाणी आणि मधोमध उभ्या दांड्यावर पिवळा फ्लोट. एका टोकाची फळी हलवून लाट उठवतात, फ्लोट वर-खाली होतो, वरचा दिवा लागतो. इंजिनिअर रुद्रेश सर माझ्याहून लहान, मला ताई म्हणतात. ऊन मावळतं, वारा पडतो, समुद्र मात्र थांबत नाही, असं ते सांगत होते. उद्या हे यंत्र कोकणात बसलं की वीज जायचं नाव नाही. माझं काम दर तासाला नोंदी करायचं. समीक्षाने आज पहिल्यांदा लाट पाहिली. खरं तर मीही.

९ मे
चाचणी संपली, पाणी परत न्यायला टँकर आले. ड्रायव्हर कोकणातला. समुद्राला नारळ वाहून, सगळं परत आणतो असं सांगून पाणी घेतलंय, थेंबही ठेवू नका, असं त्याने दोनदा बजावलं. तळाशी वीतभर राहिलेलं पाणी मोटर ओढेना, ते बादल्यांनी भरून द्यायचं होतं. त्यातलं दोन पिंपं पाणी मी मागे ठेवलं. लातूरला आमच्या नळाला दहा-दहा दिवसांनी पाणी यायचं. भाजी धुतलेल्या पाण्याने आम्ही फरशी पुसायचो आणि फरशीचं झाडाला घालायचो. भरलेली बादली डोळ्यांसमोरून जाऊ द्यायला मन धजेना. वॉचमन बसलिंगप्पा निलंग्याचे, त्यांनाही ते पटलं. म्हणाले, "ठिवा की बाई. भांडे तरी निघतेत."
ड्रायव्हरने विचारलं, सगळं आलं का. मी हो म्हणाले.

१० मे
उन्हाचा कहर आहे. समीक्षा दुपारभर पिंपात बसून डुंबली. घोटभर पाणी नाकातोंडात गेलं, खारट म्हणून तोंड वेडंवाकडं करून हसली. मीही हसले.

१२ मे
हौद कोरडा आहे, फळी बंद आहे, आणि फ्लोट वर-खाली होतो आहे. दिवा लागलेला. बसलिंगप्पा दारातच थबकले, आत येईनात. रुद्रेश सरांनी वायरी तपासल्या, दांड्याला हात लावून पाहिला, मग खाली बसून लहान मुलासारखे हसत सुटले. पाण्याशिवाय वीज! मुंबईहून मोठी माणसं बघायला येणार, बावीस तारखेला.

१४ मे
समीक्षा खेळता खेळता श्वास रोखून बोटांवर आकडे मोजत होती. खिडकीतून हौदावरचा दिवा दिसत होता. तो विझला. तिने श्वास सोडला, लागला. मी तिला पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा करवून घ्यायची हिंमत झाली नाही.

१६ मे
नांदेडला डॉक्टरांना दाखवलं. तपासण्यांत काही नाही. श्वास तेवढा संथ आहे, मिनिटाला सहा. एवढा संथ कसा, त्यांनाही कळेना. फ्लोटही मिनिटाला सहाच. चार दिवसांच्या नोंदी माझ्याच अक्षरात आहेत. मी रुद्रेश सरांपुढे वही ठेवली. त्यांनी समजूत घातली, ताई, जागेची सवय नाही, झोप काढा.

१७ मे
सकाळी ती एकदम धडपडू लागली, ओठ निळे. मी उचलून शेडकडे पळाले. रुद्रेश सरांनी तेल द्यायला फ्लोट हाताने धरून ठेवला होता. माझी किंकाळी ऐकून त्यांनी हात काढला. तिचा श्वास आला.
ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "योगायोग आहे, ताई." पण माझ्याकडे बघून नाही.

१८ मे
लातूर. वैजनाथदादाकडे निघून आले. एवढं अंतर पडलं की सुटेल असं वाटलं. बसलिंगप्पांना फोन लावून फ्लोटपाशी उभं केलं. ते सांगत गेले, "आता वर... आता खाली बगा." माझा हात तिच्या छातीवर होता.
शेवटी तेही रडत होते. फ्लोट धरला की तिचा श्वास अडतो, ती तेलाच्या वेळची गोष्ट त्यांना सांगायची राहिली.

१९ मे
ड्रायव्हरला फोन केला, कबूल केलं. म्हणाला, पिंपं घेऊन जातो. मग त्याने विचारलं, कुणाच्या पोटात तर गेलं नाही ना?
मी फोन ठेवला.

२१ मे
उद्याच्या पाहुण्यांसाठी रुद्रेश सरांनी एका दिव्याचे दहा केले, बसलिंगप्पांनी कळवलं. कधी केले ते मला विचारावं लागलं नाही. त्या घटकेपासून तिचा एकेक श्वास विहिरीतून घागर ओढावी तसा — दिवे काढा म्हणून सरांना विनवलं. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर फोन बंद —

२२ मे, दुपार
बसलिंगप्पांचा फोन आला होता. "रडू नका बाई. दोर आनलाय म्या. सायेब लोकं जेवाया बसले की बांदून टाकतो त्या फ्लोटला. पोरगी सुटंल." मी नको म्हणेपर्यंत फोन कट.
उचलत नाहीत. उचलत नाहीत. दादा मोटरसायकलवर निघालाय, दोन तास लागतील —

साडेबारा
रिंग जाते नुसती. एक हात तिच्या छातीवर. दुसऱ्याने लिहिते आहे, लिहायचं थांबवलं तर मी —
वर. खाली.
वर. खाली.
बसलिंगप्पा, चांगलं माणूस तुम्ही, नका हो —
वर. खाली.
वर.
अजून वरच.
सोड बाळा, श्वास सो—